कमरेत काय निघालं?

आमच्या सेंटरवर माणसं गोष्टी सांगायला येत नाहीत, कमरेचा फोटो काढायला येतात. पण माणसाला खिशातलं सगळं काढायला लावलं, अंगठ्या-जोडवी ट्रेमध्ये ठेवली, टेबलावर आडवं केलं, की तो आपोआप बोलायला लागतो. मशीनमध्ये जायच्या आधीची ती पाच मिनिटं. वीसेक वर्षं झाली मला श्रीरामपुरात. आधी एक्स-रे, मग सीटी, आता एमआरआय. एवढ्या वर्षांत अशी पाच-पाच मिनिटं साठत गेली. पूर्वी घरी गेलं की बायको विचारायची, "आज काय?" मी म्हणायचो, "कंबर." आता तिनं विचारायचंच सोडलंय!

खरं सांगायचं तर थकायला होतं. काम तसं जड नाही. पण रिपोर्टचं पाकीट हातात दिलं, की समोरचा माणूस ते उघडत नाही. माझ्याकडं बघतो. "साहेब, काय निघालं?"

मी टेक्निशियन. फोटो काढणं माझं काम, वाचणं आमच्या डॉक्टर मॅडमचं, आणि पुढं काय करायचं ते पेशंटच्या डॉक्टरनं सांगायचं. हे मी रोज सगळ्यांना सांगतो.

"व्हय, दाखवतो की डॉक्टरला. पन तुमी काय म्हंता?"

मी काहीच म्हणत नाही. मग माणूस पाकीट सोडून माझं तोंड वाचतो. एकदा माझी दाढ ठणकत होती. त्या दिवशी तीन पेशंट रडत घरी गेले!

*

देवळाली प्रवऱ्याचे रंगनाथआप्पा. सत्तरीचे, ऊस लावणारे, अजून रोज शेतावर जाणारे. चालायला लागले की थोड्या वेळानं दोन्ही पाय भरून यायचे. बांधावर टेकले की बरं वाटायचं. परत चालले की परत तेच. दोन वर्षं असं काढलं आणि मग फोटो काढायला आले.

रिपोर्ट इंग्रजीत. आप्पांनी त्याचा फोटो पुण्याच्या नातवाला पाठवला. नातवानं तो मोबाईलच्या भाषांतरात घातला आणि आलं ते मराठी आजोबांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडायच्या आधी आप्पा पायरीवर हजर.

"साहेब, हे वाचा."

मी वाचलं. 'चौथ्या आणि पाचव्या पातळीवर कालवा अरुंद झाला आहे.'

"रानातला कालवा ठाव हाय मला," आप्पा म्हणाले. "कमरंतबी कालवा असतोय?"

मॅडम आल्या. त्यांनी आप्पांना आत बसवलं आणि मणक्यांचं प्लास्टिकचं मॉडेल समोर ठेवलं. "आप्पा, मणक्यांच्या मधून ही पोकळी जाते. हिच्यातून पायाच्या नसा खाली येतात. वय झालं की आजूबाजूचं हाड वाढतं, गादी फुगते, पोकळी बारीक होते. पुढं वाकलं, बसलं, की जरा मोकळी होते. म्हणून बसल्यावर तुम्हाला बरं वाटतं."

आप्पांनी मॉडेल उलटंपालटं करून बघितलं. "म्हंजे गाळ साचलाय."

"तसंच समजा."

"मग काढून टाकायचा का?"

"प्रत्येकाचा काढावा लागत नाही. तुमच्या पायात ताकद आहे, शेतावर जाताय. आधी व्यायाम, टप्प्याटप्प्यानं चालणं. तुमचे डॉक्टर सांगतील. फक्त पाय लुळा पडायला लागला किंवा लघवी अडली, तर एक दिवस थांबायचं नाही."

आप्पांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "कळलं. आमच्या चारीसारखंच हाय. पानी बारीक येतंय, पन येतंय. येतंय तवर बोंब मारायची न्हाई!"

मी वीस वर्षं असले फोटो काढतोय, मला इतकं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.

*

एक निवृत्त हेडमास्तर होते. आमच्या चर्चमधलेच, त्यामुळं ओळखीचे. त्यांनी रिपोर्ट घरी नेला, तांबडं पेन घेतलं आणि तपासून परत आणला! स्पेलिंगच्या दोन चुका गोल केलेल्या. त्या खरंच चुका होत्या. मॅडम ओशाळल्या.

"ते जाऊ द्या," सर म्हणाले. "हे बघा. तुम्ही सहा गोष्टी लिहिल्यात. गादी सुकली, गादी किंचित फुगली, सांध्यांची झीज, मणक्याला कंगोरे, आणखी काय काय. आणि वर लिहिता, 'वयानुसार'. मग हा दोष आहे की वर्णन?"

"बरंचसं वर्णन, सर."

"मग वर्णनाला मी आठ दिवस जागलो?"

मॅडमनी चष्मा काढला. त्या थकल्या की चष्मा काढतात. म्हणाल्या, "सर, तुमच्या वयाच्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसाला आत घातलं, तरी यातलं बरंच काही निघेल. दिसलं ते मला लिहावं लागतं. उद्या तुमचे केस पांढरे झालेत असंही मी लिहू शकते. म्हणून तो आजार होत नाही."

सर एकदम पुढं वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तेवढं मात्र लिहू नका. मी डाय लावतो!"

*

हसण्यावारी न्यायच्या सगळ्याच गोष्टी नसतात.

शिर्डीहून एक बाई आल्या होत्या, सुनीता. तिशी ओलांडलेली. मंदिराच्या वाटेवर त्यांचं फुलांचं दुकान. ही सकाळपासून फरशीवर मांडी घालून हार ओवायची, सासू गिऱ्हाईक बघायची. तीन वर्षं कंबर दुखत होती. बरोबर सासूबाई आल्या होत्या. सून आत असताना त्या आमच्या रिसेप्शनच्या कल्पनाला ऐकवत होत्या, "आमच्या वक्ताला न्हवतं बाई असलं काय. आमी काय कमी कामं केली?"

रिपोर्ट आला. नॉर्मल. अगदी स्वच्छ. मी पाकीट दिलं आणि मला वाटलं, चला, एक तरी माणूस हसत जाईल.

सासूनं विचारलं, "काय निघालं?" आतला कागद वाचून कल्पनाच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, नॉर्मल आहे."

"बघा! म्या म्हनत हुते. नाटकं सगळी!"

सासू चपला घालायला बाहेर गेली. सुनीता काउंटरवर थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "साहेब, एखादी रेघ तरी लिहायची ना. बारीकशी." आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

खोटी रेघ लिहिता येत नाही, आणि खरं दुखणं मशीनला दिसत नाही. मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. बाहेर सात पेशंट बसले होते. मॅडमनी चष्मा काढला, परत घातला आणि दोघींनाही आत बोलावलं.

"मावशी," त्या सासूला म्हणाल्या, "सून हार ओवताना बसते कशी? जरा दाखवता? इथंच, खाली."

सासूबाई बसल्या. मॅडम त्यांच्याशी गप्पा मारायला लागल्या. झेंडूचा भाव काय, गुलाब कुठून येतो, गुरुवारी गर्दी किती. मान खाली, हात पुढं, असंच बसायचं, हलायचं नाही. दहा मिनिटं गेली असतील. सासूबाईंची चुळबुळ सुरू झाली. मग उठायला गेल्या, तर उठता येईना. "अगं सुने, हात दे!" सुनीतानं हात दिला.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, फोटोत हाडं दिसतात, गाद्या दिसतात, नसा दिसतात. दुखणं दिसत नाही. नॉर्मल म्हणजे आत काही मोडलेलं नाही, ही चांगली बातमी. नॉर्मल म्हणजे दुखत नाही, असं नाही."

सासूबाई कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, लई कळ आली हो. माझाबी फोटो काढा."

"कशाला?" मॅडम म्हणाल्या. "नॉर्मलच येईल!"

पुढं दोनेक महिन्यांनी मी पाहुण्यांना घेऊन शिर्डीला गेलो, तेव्हा सुनीता दिसली. उंच टेबल, पाठीला टेकायची खुर्ची, मधूनच उठून दोन फेऱ्या मारायची. दुखतं का, विचारलं. "दुखतं की," म्हणाली. "पन आता दुखतं म्हनायला भ्या वाटत न्हाई."

*

माझी स्वतःची गोष्टही सांगून टाकतो.

मशीनची दुरुस्ती झाली होती. इंजिनियर म्हणाला, एक ट्रायल घेऊ, कुणीतरी आत झोपा. मी झोपलो. मी कमरेचा माणूस, म्हटलं कमरेचंच घे. फाईलला नाव दिलं 'ट्रायल'.

थोड्या वेळानं मी मॅडमसाठी चहा घेऊन गेलो. त्यांच्या स्क्रीनवर तीच फाईल उघडी. त्या मागं न बघता म्हणाल्या, "साळवे, हा कोण पेशंट? खालच्या दोन्ही गाद्या गेल्यात याच्या. स्ट्रेचरवर आलाय का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम, चहा घेऊन आलाय!"

मॅडमनी मला बसवून दहा प्रश्न विचारले. कधी पायात कळ गेली? मुंग्या? बधिरपणा? काही नाही. कंबर दुखते? कधीमधी, सगळ्यांसारखी. "मग विसरा," त्या म्हणाल्या. "मी फोटोवर उपचार करत नाही, आणि तुम्हीही करू नका."

हे वाक्य मी मॅडमच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं. पण त्या संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि मध्येच थांबलो. पुढं आठ दिवस नाडी खुर्चीत बसून बांधली. पेशंटला टेबलावर सरकवायला कल्पनाला हाक मारली.

ती वैतागली. "सर, कालपर्यंत तर एकटे उचलत होता!"

"काल मला माहीत नव्हतं!"

*

साखर कारखान्यातला एक फिटर होता, बाळासाहेब. पस्तिशीचा, आईबरोबर आला होता. आठ-नऊ महिने कंबर दुखत होती. पट्टा झाला, मालीश झाली, इंजेक्शनं झाली. जो तो म्हणायचा, कारखान्यात वजनं उचलतो, दुखणारच. तो स्वतःही तेच म्हणत होता. टेबलावर झोपताना त्याची पँट कमरेवरून घसरली. हसत म्हणाला, "बारीक झालो साहेब, डाएट न करता!"

बाहेर त्याची आई कल्पनाला सांगत होती, "सांजच्याला अंगात कणकण असती त्याच्या. रातच्याला बनियन भिजती घामानं. डॉक्टरनं कमरंचं इचारलं, कमरंचं सांगितलं. तापाचं कुनी इचारलंच न्हाई."

कल्पनानं ते मॅडमच्या कानावर घातलं. फोटो आला तेव्हा मॅडम स्क्रीनजवळ सरकल्या. दोन मणके आणि मधली गादी पोखरल्यासारखी दिसत होती. ही झीज नव्हती. त्यांनी तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. नंतर तपासण्या झाल्या, बारीक सुईनं तुकडा काढून बघितला. मणक्याचा टीबी.

ते ऐकून आई देवाला हात जोडत होती, कारण चार दिवस तिनं कॅन्सरच धरला होता. औषधं बरेच महिने चालली. एकही गोळी चुकू दिली नाही बाईनं. आणि पोरगा बरा झाला. कामावर परत लागला.

बरा झाल्यावर दोघं भेटायला आले. आई हसत होती, पण थोडी रागातही होती. म्हणाली, "आवो, गल्लीत कुनाचा इस्वासच बसंना. कमरंला टीबी झालाय म्हनल्यावर शेजारीन काय म्हनली म्हाईत हाय? म्हनली, 'मग कंबर खोकती का गं?'"

*

आता ही शेवटची. ही मी फारशी सांगत नाही, कारण यात चूक माझी होती.

एकाच दिवशी दोन भाऊसाहेब आले. नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं एक. वय दोघांचंही पन्नाशीच्या आतबाहेर. एक बेलापूरचे, शिंपीकाम करणारे. सहा महिने अंथरुणावर. बायको आणि मेहुणा धरून घेऊन आले होते. दुसरे राहुरीकडचे, कांद्याचा टेम्पो चालवणारे. कंबर अधूनमधून धरायची, म्हणून एकदा बघून घेऊ म्हणत मोटारसायकलवर एकटेच आलेले.

संध्याकाळी पाकिटं द्यायची वेळ. गर्दी होती, मी दमलो होतो. नंबर बघायचा असतो, मी नाव बघितलं.

तीन आठवड्यांनी टेम्पोवाल्यांची बायको आली. रडवेली झाली होती. "साहेब, फोटो काढला आन मानूस बसला! कागदावर काय काय लिवलंय म्हनून खाटंवरनं उठत न्हाई. टेम्पो दारात उभा. पान्याचा तांब्या उचलत न्हाई. म्हंतोय, माझा कना गेला."

तिनं पाकीट काउंटरवर ठेवलं. मी नंबर बघितला. तो बेलापूरच्या भाऊसाहेबांचा होता.

मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे दोन्ही फोटो परत उघडले, एक-एक करून बघितले. शिंप्याच्या कमरेत बरंच होतं. गाद्या फुगलेल्या, एक नस दबल्यासारखी. पण तातडीनं कापायला लागेल असं काही नव्हतं. टेम्पोवाल्याची कंबर स्वच्छ होती. मॅडमनी दोघांच्याही डॉक्टरांना स्वतः फोन करून चूक सांगितली. टेम्पोवाल्याच्या बायकोला खरा रिपोर्ट देऊन समजावलं. मग मला म्हणाल्या, "बेलापूरला तुम्ही स्वतः जा. पायात ताकद आहे का विचारा, लघवीचं विचारा. आणि माफी मागा."

मी लगेच निघालो. रस्ताभर एकच डोक्यात. सहा महिने पडलेला माणूस, त्याला मी चुकीचा कागद दिला. आता काय अवस्था असेल?

घर शोधलं. बाहेरूनच मशीनचा खडखड आवाज येत होता. दारात गेलो, तर भाऊसाहेब शिलाई मशीनवर बसलेले. दोन्ही पाय पायडलवर. शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग.

त्यांची बायको पुढं आली. मी कोण, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. माफी मागितली. पाकीट पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. मला दाराबाहेर ओढलं आणि कुजबुजली, "साहेब, पाया पडते. तुमचा त्यो चुकीचा कागद माझ्या भावानं वाचून दाखवला, आन दुसऱ्या दिशी हे उठून भिंतीला धरून चालले. म्हनले, आत काय मोडलं न्हाई तर मी पडून का ऱ्हायलोय? आठ दिसांनी मशीनवर बसले. ह्यो कागद नका दाखवू."

मी म्हटलं, "बाई, दाखवावा लागेल. त्यांचा आहे तो."

मशीनचा आवाज थांबला. भाऊसाहेबांनी सगळं ऐकलं होतं.

"आना हिकडं."

मी पाकीट दिलं. त्यांनी रिपोर्ट बाहेर काढला, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत बघितला. किती कळलं, देव जाणे. मी मॅडमनी सांगितलेले प्रश्न विचारले. पायात ताकद आहे? लघवी साफ होते? दुखतं का?

"दुखतंय. पन उठतोय," ते म्हणाले. रिपोर्टची घडी घातली, पाकिटात सरकवली, पाकीट गणवेशांच्या ढिगाखाली ठेवलं. मग सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "आन त्यो दुसरा भाऊसाहेब? त्याच्याकडं माझा कागद गेल्ता ना? कसा हाय त्यो?"

"पडून आहेत. तीन आठवडे झाले, उठलेच नाहीत."

भाऊसाहेबांनी चुकचुक केली. पाय पायडलवर ठेवले.

"त्याला माझा निरोप द्या. म्हनावं, ऊठ. तुझा रिपोर्ट एक नंबर हाय. मी तीन आठवडे वापरून बघितलाय!"